कुंडी उलटी करा : जुन्या स्टोनवेअरची पारख

या वेळी आलेल्या पत्रांत चिनी मातीच्या कुंड्या आणि बरण्या यांच्याबद्दलच सर्वाधिक विचारणा आहे, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. आधी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. घरात आपण चकाकणाऱ्या प्रत्येक भांड्याला चिनी माती म्हणतो, पण त्यात तीन वेगळी घराणी आहेत. अर्दनवेअर हजार ते साडेअकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. झिलईखाली त्याचं अंग सच्छिद्र राहतं आणि पाणी पितं. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांना भाजतात. तिथे मातीचा काही भाग वितळून उरलेल्या कणांना बांधून टाकतो, आणि झिलई नसली तरी पाणी जवळजवळ मुरत नाही. पोर्सिलीन केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचं असतं, त्याच्या पातळ भागातून उजेड आरपार दिसतो. लोणच्याच्या बरण्या आणि जड तपकिरी कुंड्या बहुतेक मधल्या घराण्यातल्या असतात.

प्रश्न : देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याचं जुनं सामान निघालं, तेव्हा एक कुंडी घेतली. उंची १४ इंच, तोंडाची रुंदी १६ इंच, काठ बाहेर वळलेला, रंग गडद तपकिरी, अंगावर पिवळसर उठावाचे दोन ड्रॅगन. बुडाला भोक आहे, शिक्का कुठेच नाही. विकणाऱ्याने 'चीनची, दोनशे वर्षांची' असं सांगितलं. हे कसं पडताळायचं? चार फोटो सोबत आहेत.
— वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : चारपैकी तीन फोटो समोरून काढलेले आहेत, आणि कुंडीचा दर्शनी भाग सर्वांत कमी सांगतो. नक्षीची नक्कल करता येते, रंगाचीही करता येते. बुडाकडे मात्र नक्कल करणारासुद्धा फारसं लक्ष देत नाही. म्हणून पहिलं काम, कुंडी उलटी करा. या मापाची कुंडी एकट्याने उचलू नका. जमिनीवर जाड सतरंजी घालून दोघांनी ती आडवी करावी. वळलेल्या काठाला धरून कधीच उचलू नये, जुन्या भेगा तिथेच उघडतात.

माती काढून टाका, बूड साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा आणि कुंडी तीन-चार दिवस सुकू द्या. हे वाळवणं टाळलं तर पुढची पाण्याची परीक्षा फसते, कारण ओलं अंग आणखी पाणी घेतच नाही आणि साधी भाजकी मातीही स्टोनवेअर वाटू लागते. साबणही तितकाच गरजेचा आहे. विकण्यापूर्वी कोऱ्या बुडावर तेल, मेण किंवा बुटाचं पॉलिश चोळलेलं असतं. त्यावर पाणी टिकून राहतं आणि चुकीचा कौल मिळतो.

आता बुडाच्या ज्या कडेला झिलई नाही तिथे पाण्याचा एक थेंब सोडा. तो पाहता पाहता आत गेला तर अर्दनवेअर. मिनिटभर तसाच फुगून बसला तर स्टोनवेअर. लोखंडी खिळ्याने त्याच जागी हलका ओरखडा काढून पाहा. स्टोनवेअरवर खिळ्याचीच करडी रेघ उमटते, भुकटी निघत नाही. कुंडीचा टवका कुठे पडलेला मिळाला तर आणखी नेमकं कळेल. टवका उन्हात पूर्ण वाळवा, सराफ बाजारातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, वरवरचं पाणी पुसा आणि पुन्हा तोला. २० ग्रॅमचा टवका २०.३ ग्रॅम झाला तर शोषण दीड टक्का, म्हणजे स्टोनवेअर. २२ ग्रॅम झाला तर दहा टक्के, म्हणजे ते अर्दनवेअर.

यानंतर भोक पाहा. तुमचा चौथा फोटो या बाबतीत बोलका आहे. भोकाची कड गोलसर आहे आणि एका बाजूला मातीचा छोटा ओठ वर आलेला दिसतो. ओल्या मातीत बोट किंवा नळी खुपसली की असा ओठ राहतो, भाजल्यानंतर पाडलेल्या भोकाला तो येत नाही. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड धारदार असते, भोवती शिंपल्यासारखे टवके उडालेले असतात आणि आत मातीचा ताजा रंग दिसतो. त्याच फोटोत कुंडीची आतली भिंत कोरी आहे, फक्त तोंडाखाली तीन बोटं झिलई उतरली आहे. साठवणीच्या भांड्याला आतून तळापर्यंत झिलई देतात. झाडासाठी तिची गरज नसते, आणि कारखाना विनाकारण झिलई खर्च करत नाही. म्हणजे ही वस्तू कुंडी म्हणूनच घडली. तेल किंवा अंडी भरून आलेल्या चिनी रांजणाला नंतर भोक पाडून केलेली ही कुंडी नव्हे.

ड्रॅगनकडे वळू. विकणारे पंजाची नखं मोजायला सांगतात आणि पाच निघाली की 'राजघराण्यातली' म्हणतात. बागेच्या तपकिरी स्टोनवेअरला हा हिशेब लागू नाही, त्यावर पाच नखं कोणीही काढत असे. त्याऐवजी एका ड्रॅगनवर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून शिंगं, मिशा आणि खवल्यांची रेघ उतरवा आणि तोच कागद दुसऱ्यावर ठेवा. रेघेवर रेघ बसली तर दोन्ही एकाच साच्यातून निघाले. हाताने थापलेल्या ड्रॅगनमध्ये शेपटीचं वळण आणि पायांचं अंतर बदलतं, कडा अंगठ्याने दाबून पसरवलेल्या दिसतात आणि खवले फणीसारख्या हत्याराने ओढलेले असतात. थायलंडमध्ये राचबुरीला चिनी कुंभारांच्या वसाहतीने विसाव्या शतकात असेच पिवळे ड्रॅगन तपकिरी रांजणांवर अंगठ्याने सारवले. पाहणारा ते सहज चीनचे समजतो.

तुमच्या पहिल्या दोन फोटोंत दोन्ही ड्रॅगनच्या उजव्या पंजाजवळ एक सारखाच बारीक उंचवटा दिसतो. हा साच्यातला दोष आहे, दोन्हीकडे जसाच्या तसा उतरलेला. एवढ्यावरून काळ ठरत नाही, कारण साचे पूर्वीही वापरत. आता कुंडीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत समोरासमोर दोन उभ्या रेषा बोटाला लागतात का ते चाचपा. लागल्या तर संपूर्ण अंगच साच्यात दाबून केलं आहे. लागल्या नाहीत आणि आत बोटांच्या आडव्या वळ्या आहेत तर ती चाकावर उचलली आहे.

शेवटी बुडाची कड. खरी झीज एकसारखी नसते. ज्या बाजूला कुंडी वर्षानुवर्षं ओढली गेली ती बाजू अधिक गुळगुळीत होते आणि बारीक ओरखडे सर्व दिशांना जातात. सँडपेपरची झीज एकाच दिशेची आणि सर्वत्र सारखी असते. भट्टीत चिकटलेली वाळू, टेकूंचे डाग, झिलईत अडकलेले राखेचे कण हे लाकडाच्या किंवा कोळशाच्या भट्टीचे संकेत आहेत. बूड यंत्राने सपाट घासलेलं, स्वच्छ, एकाच छटेचं असेल तर कुंडी गेल्या काही दशकांतली समजावी.

आमचं मत असं : दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, फोशानजवळच्या शीवानसारख्या ठिकाणी, बागेच्या कुंड्या मोठ्या प्रमाणावर होत आणि परदेशी जात. तुमची कुंडी त्या परंपरेत बसते. पण दोनशे वर्षांना आधार देणारी एकही खूण फोटोंत नाही. विसावं शतक ही धरून चालण्याजोगी मर्यादा, आणि त्यातला पूर्वार्ध की उत्तरार्ध हे बूड सांगेल. बंगला जुना म्हणून कुंडी जुनी, हा तर्क करू नका. घर तेच राहतं, कुंड्या बदलत जातात. मात्र त्या बंगल्याच्या व्हरांड्यातला एखादा तारीख माहीत असलेला कौटुंबिक फोटो सापडला आणि त्यात हीच कुंडी दिसली, तर तो पुरावा तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा मोलाचा. जुन्या मालकांकडे तो जरूर मागा.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या वाड्यात वरून तपकिरी, खालून दुधी रंगाची मोठी बरणी आहे. आजोबांनी भोक पाडून तिची तुळशीची कुंडी केली. खांद्यावर '3' उमटवलेला आहे. घरात तिला पेशवाईतली म्हणतात.
— वाचक, पंचवटी

उत्तर : या बरणीबद्दल घरात आदर आहे हे पत्रातून कळतं, आणि ती जपण्यासारखी आहेच. पण पेशवाईतली ती असू शकत नाही, आणि याचं कारण तिच्या झिलईतच आहे. अशी गुळगुळीत दुरंगी झिलई 'ब्रिस्टल ग्लेझ' म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेल यांनी ती १८३५ च्या सुमारास आणली. तिच्यात फेल्डस्पार हे खनिज आणि जस्ताचा ऑक्साईड असतो. भांडं आधी दुधी झिलईत आणि मग वरचा भाग लोहयुक्त तपकिरी झिलईत बुडवायचा, की एकाच भाजणीत काम संपतं. तपकिरी आणि दुधी रंग भेटतात त्या रेघेवर नीट पाहा. हातातून थेट बुडवलेल्या बरणीवर ती रेघ किंचित तिरपी असते आणि एखाद्या ठिकाणी तपकिरी ओघळ खाली उतरलेला असतो. पेशवाई १८१८ मध्ये संपली, त्यामुळे या झिलईचं कोणतंही भांडं त्या काळात जात नाही.

भारतात असं स्टोनवेअर बनवणारे कारखाने नंतर उभे राहिले. बंगालमध्ये राणीगंजला बर्न कंपनीचं काम होतं, उत्तरेत खुर्जा, आणि सौराष्ट्रात थान, मोरबी, वांकानेर हा पट्टा. तिथला परशुराम पॉटरी वर्क्स विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. नाशिकच्या स्वयंपाकघरांत आलेल्या बरण्यांत सौराष्ट्रातला माल भरपूर असतो, म्हणून कारखान्याच्या नावाचा शिक्का बुडाजवळ किंवा खांद्याखाली शोधा. झिलई जाड असेल तर अक्षरं बुजतात. टॉर्च अगदी आडवी धरली की सावलीने ती उठून दिसतात.

'3' चा अर्थ मोजून काढता येतो. भोकाला आतून चिकटपट्टी लावा आणि एक लिटरच्या मापाने कोरडी बारीक वाळू गळ्यापर्यंत भरा. साडेतेरा लिटरच्या जवळपास भरली तर तो तीन गॅलन, कारण इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा. मग बरणी बहुधा मेट्रिक मापं रुळण्यापूर्वीची आहे. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, आणि ती बाजारात टप्प्याटप्प्याने १९५८ पासून पुढे आली. तीन लिटरच भरली तर बरणी त्यानंतरची. दोन्ही जुळलं नाही तर तो साच्याचा क्रमांक किंवा कारागिराची खूण. आणखी एक सोपी खूण : शिक्क्यात किंवा चिकटवलेल्या कागदावर सहा आकडी पिन कोड असेल तर बरणी १९७२ नंतरची, कारण पिन कोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला.

भोकामुळे तिची बाजारातली किंमत कमी होते हे खरं. ते भोक बुजवून रंगवून घेऊ नका. बुजवलेलं भोक अतिनील टॉर्चखाली वेगळं चमकतं, आणि ते लपवलं होतं हे कळल्यावर घेणाऱ्याचा बाकी गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

प्रश्न : निळी-तपकिरी उठावदार फुलं असलेली, संत्र्याच्या सालीसारख्या अंगाची कुंडी. बुडावर डौल्टन, लॅम्बेथ, इंग्लंड ही अक्षरं आणि 'रजि. नं. १५०...' असा सहा आकडी क्रमांक आहे. किती जुनी?
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तुमच्याकडे शिक्का आणि क्रमांक दोन्ही आहेत, त्यामुळे उत्तर बरंच जवळ आणता येतं. संत्र्याच्या सालीसारखं अंग हे मिठाच्या झिलईचं लक्षण. भट्टी तापल्यावर तिच्यात मीठ टाकतात, त्यातला सोडियम वाफेतून मातीतल्या सिलिकाशी जुळतो आणि पृष्ठभागावर काच तयार होते. जिथे वाफ पोचत नाही तिथे, म्हणजे बुडाखाली, अंग कोरडं राहतं. लंडनच्या लॅम्बेथ भागातला डौल्टनचा कारखाना या कामासाठी प्रसिद्ध होता, आणि तो १९५६ मध्ये बंद झाला.

ब्रिटनमध्ये नमुन्यांची क्रमवार नोंदणी १८८४ मध्ये १ पासून सुरू झाली. १,४१,२७३ पासून १८९० आणि १,६३,७६७ पासून १८९१ मोजतात, म्हणजे १५० ने सुरू होणारा तुमचा क्रमांक १८९० मध्ये नोंदला गेला. ही नमुन्याची तारीख आहे, कुंडीची नव्हे. तोच नमुना पुढे अनेक वर्षं काढता येतो. दुसरी खूण 'इंग्लंड' हा शब्द. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं आणि निर्यात करणाऱ्यांनी ते सर्वच मालावर घालायला सुरुवात केली. तिसरी खूण म्हणजे तुमच्या शिक्क्यात 'रॉयल' नाही. ते बिरुद कंपनीला १९०१ मध्ये मिळालं. तिन्ही जोडलं की १८९१ ते सुमारे १९०२ हा काळ निघतो. क्रमांकातले उरलेले तीन आकडेही नीट वाचून ठेवा. आणि बुडावर कोरलेली आद्याक्षरं शोधा. प्राण्यांची कोरीव रेखाटनं असतील तर 'बी', 'एच' ही जोडलेली अक्षरं डौल्टनच्या कलाकार हॅना बार्लो यांची असू शकतात. फुलांच्या कुंडीवर बहुधा दुसऱ्या कारागिराची निघतील, तरीही ती टिपून ठेवा.

शिक्का खोटा असेल तर? खरा शिक्का ओल्या मातीत दाबलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडांना माती किंचित वर येते आणि खळग्यात झिलई साचते. अक्षरं नखाला अगदी सपाट लागली, किंवा झिलईच्या वर छापलेली दिसली, तर थांबा.

प्रश्न : भद्रकालीजवळ एका विक्रेत्याने कुंडीवरचं केसासारख्या रेषांचं जाळं दाखवून 'हीच जुनेपणाची खूण' म्हटलं. खरं का?
— वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. झिलई आणि माती थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. झिलई जास्त आकसली की तिला असं जाळं पडतं, आणि ते भट्टीतून काढल्या दिवशीही असू शकतं. रेषांतला मळ पाहा. ओल्या कापसाने पुसल्यावर कापूस चहाच्या रंगाचा झाला तर तो डाग मुद्दाम दिलेला आहे. वर्षांचा मळ रेषांच्या आत खोल जातो आणि सगळीकडे सारखा गडद नसतो, जिथे पाणी उभं राहतं तिथे जास्त. चिखलाचा थर हाही पुरावा नाही. गोदाकाठच्या घरांत २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचा गाळ गेल्या वीस वर्षांत घेतलेल्या भांड्यांवरही बसला आहे. शक्य असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली किंवा मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातली भांडी आधी बघून या. हातातल्या वस्तूशी ताडून पाहायला खरी जुनी झिलई डोळ्यांना माहीत असावी लागते.

प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीची कुंडी मुलाकडे परदेशी पाठवता येईल का?
— वाचक, नाशिकरोड

उत्तर : १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. वस्तू त्याहून अलीकडची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नसल्याचं' प्रमाणपत्र घ्या आणि मगच पॅकिंग करा. गंगापूर रोडच्या वाचकांच्या कुंडीचा काळ वर निघाला तो पाहता ती या देशातच राहील.

प्रश्न : अशा कुंडीत झाड लावावं का? बोअरच्या पाण्याने बाहेरून पांढरे डाग आले आहेत.
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : थेट लावू नका. प्लास्टिकच्या कुंडीत झाड लावून ती आत ठेवा, खाली दोन इंच विटेचे तुकडे द्या म्हणजे पाणी तुंबणार नाही. भोक नसेल तर पाडू नका, आतली कुंडी बाहेर काढून पाणी घाला आणि निथळली की परत ठेवा. स्नेक प्लांटसारखी झाडं तर मुळीच थेट लावू नयेत. त्यांचे कंद जाड होत जातात आणि भिंतीला आतून रेटा देतात. जुनी केसाएवढी भेग असेल तर एका पावसाळ्यात ती उघडते. भेग आहे का हे आवाजावरून कळतं. रिकामी कुंडी लाकडी पट्ट्यांवर ठेवून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर अंग धड आहे, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

पांढरा थर क्षारांचा आहे. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात कापड भिजवून झिलईवर दहा मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने घासा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते कोऱ्या बुडात आणि जाळ्याच्या रेषांत मुरतं, आणि रंगवलेली दुरुस्ती असेल तर तीही उखडते. थर पुन्हा आला तर दोष सफाईत नाही. खत आणि पाणी आतून झिरपत आहे, म्हणजे एकतर अंग सच्छिद्र आहे किंवा भेग आहे. अशा वेळी वर सांगितलेली थेंबाची परीक्षा करून पाहा.